तपकीर गल्लीतलं हार्ड डिस्कचं दुकान आणि माझी २०११ सालची एक फाइल

आधी निकाल सांगते. जळालेली डिस्क फिरली, हवी ती फाइल मिळाली, एकूण खर्च ७,४०० रुपये आला आणि तेवीस दिवस लागले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण ते चालवणाऱ्या काकांनी तसं बजावलं आहे. "आमच्याकडे लोक लग्नाचे फोटो आणि टॅलीचा डेटा घेऊन येतात. तुम्ही नाव टाकलंत की उद्या जिन्यात नुसती बिटकॉइनवाल्यांची रांग लागेल." पण खूण सांगते. पासोड्या विठोबाच्या बाजूने तपकीर गल्लीत शिरा. एलईडीच्या माळा, स्विचबोर्ड आणि वायरची भेंडोळी मागे टाकून पुढे गेलात की डाव्या हाताला एक अरुंद लाकडी जिना लागतो. वर दहा बाय बाराची खोली आहे. टेबलावर भिंग लावलेला दिवा आणि भिंतीला टेकवून ठेवलेलं स्टीलचं कपाट. गाडी घेऊन जाऊ नका, अप्पा बळवंत चौकातच अर्धा तास जाईल.

त्या डिस्कमध्ये काय होतं हे सांगितल्याशिवाय या दुकानाबद्दल मी एवढं का लिहितेय ते कळणार नाही.

जून २०११. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली होती आणि मी डहाणूकर कॉलनीतल्या आमच्या घरी होते. मावसभावाने गेम खेळायला घेतलेलं रेडिऑन ५८५० ग्राफिक्स कार्ड त्याने सुट्टीपुरतं मला दिलं. ते मशीनमध्ये बसवून मी बिटकॉइनचं, म्हणजे सरकार किंवा बँक मध्ये नसलेल्या डिजिटल चलनाचं, मायनिंग सुरू केलं. मायनिंग म्हणजे संगणकाने एका कोड्याचं उत्तर आंधळेपणाने चाचपत राहायचं. ज्याला आधी सापडेल त्याला नवी नाणी. तेव्हा साधारण दर दहा मिनिटांना एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या खातेवहीचं एक नवं पान, निघायचा आणि एका ब्लॉकमागे ५० बिटकॉइन मिळायचे (२८ नोव्हेंबर २०१२ ला ते निम्मे, म्हणजे २५ झाले). माझं कार्ड सेकंदाला साधारण २८ कोटी वेळा चाचपायचं. ऐकायला प्रचंड वाटतं, पण त्या वेगाने एकटीने बसले असते तर एक ब्लॉक सापडायला सरासरी आठ महिने लागले असते. म्हणून मी पूलमध्ये गेले. 'स्लश' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मारेक पालातिनुसने प्रागमध्ये २०१० च्या अखेरीस पहिला पूल सुरू केला होता. हजारो लोक मिळून चाचपतात आणि जो जेवढा राबला तेवढा वाटा त्याला मिळतो. माझ्या वाट्याला दिवसाला ०.२ बिटकॉइन येत होता.

कार्डातून इतका गरम झोत यायचा की पावसाळ्यात आई आमचे ओले मोजे त्याच्यासमोर खुर्चीच्या पाठीवर टाकायची, ते तासाभरात वाळायचे. मशीनला दिवसाला सात युनिट लागायचे. सुट्टी संपल्यावरही भावाने कार्ड परत मागितलं नाही, त्यामुळे मशीन चालूच राहिलं. जूनच्या सुरुवातीला एका नाण्याचा भाव ३० डॉलरच्या वर होता. १९ जूनला जपानमधल्या माउंट गॉक्स या सर्वात मोठ्या एक्स्चेंजमध्ये, म्हणजे नाणी विकण्या-घेण्याच्या ऑनलाइन बाजारात, घुसखोरी झाली आणि तिथला भाव काही क्षण एका सेंटवर आला. नोव्हेंबरपर्यंत बाजार दोन डॉलरवर उतरला. मग दिवसाची कमाई विजेच्या बिलापेक्षा कमी व्हायला लागली. बाबांनी बिल माझ्या टेबलावर ठेवलं, मी दोन्ही आकडे मांडून पाहिले आणि मशीन बंद केलं.

पण मी हे पैशांसाठी करत नव्हते, निदान फक्त पैशांसाठी नाही. बाबा राष्ट्रीयीकृत बँकेत होते आणि रोज रात्री जेवताना आमचा वाद व्हायचा. बिटकॉइनच्या ३ जानेवारी २००९ च्या पहिल्याच ब्लॉकमध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या निर्मात्याने त्या दिवशीच्या लंडनच्या 'टाइम्स'चा मथळा कोरून ठेवला आहे. ब्रिटनचे अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा वाचवायच्या बेतात आहेत, असा तो मथळा. मी तो बाबांना दाखवला होता. चलन ही सरकारची मक्तेदारी असू नये, असं फ्रीडरिश हायेक या अर्थतज्ज्ञाने १९७६ मध्येच मांडलं होतं, तेही मी तावातावाने सांगायचे. त्या काळी बिटकॉइनमध्ये असलेल्या अनेकांचं राजकारण याच्याही पुढचं होतं. सरकारच नको, कर म्हणजे चोरी, असं ते म्हणत. ते मला तेव्हाही पटलं नाही. माझं कॉलेज सरकारी अनुदानावर चालत होतं आणि आजीचं डोळ्याचं ऑपरेशन ससूनमध्ये झालं होतं. मला पटली होती एकच गोष्ट. आपल्या पैशाला तिसऱ्या माणसाने हात लावता कामा नये. डिसेंबर २०१० मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड आणि पेपॅलने गुप्त सरकारी कागदपत्रं उघड करणाऱ्या विकिलीक्सच्या देणग्या थांबवल्या, तेव्हा हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. कोर्टाचा कुठला निकाल लागला नव्हता, तीन कंपन्यांनी नुसतं बटण दाबलं होतं.

बाबांचं उत्तर ठरलेलं. "बँक बुडाली तर कोणाच्या दारात जायचं ते मला माहितीये. तुझं हे बुडालं तर तू कोणाकडे जाशील?"

२०१३ मध्ये पुण्यातल्या एका जुन्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि मावशीची मुदत ठेव अडकली. निवृत्तीनंतरचे पैसे होते ते. तिच्याबरोबर मीही रांगेत उभी राहिले होते. तेव्हा ठेवीवर विमा फक्त एक लाखापर्यंत होता, तो पाच लाख व्हायला फेब्रुवारी २०२० उजाडलं. त्याच सुमारास, मार्च २०१३ मध्ये, सायप्रसमधल्या बँका बंद करून मोठ्या ठेवींना कात्री लावण्यात आली आणि एप्रिलमध्ये बिटकॉइन २६६ डॉलरला गेला. मावशीची रांग पाहिल्यावर बाबा जेवताना गप्प राहायला लागले. मीही गप्प होते, कारण माझी नाणी ज्या डिस्कमध्ये होती ती २०१२ च्या उन्हाळ्यातच जळाली होती. एका गुरुवारी दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली वीज परत आली, तेव्हा संगणकाला वीज पुरवणारा स्वस्तातला एसएमपीएस फट् करून गेला आणि जाताना डिस्कलाही घेऊन गेला.

तरी मी निर्धास्त होते. माझ्याकडे एक सीडी होती, तिच्यावर मार्करने 'वॉलेट' लिहिलेलं होतं, तारीख नव्हती.

हे नीट सांगते, कारण त्या काळातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत असं घडलं असणार. बिटकॉइन संगणकात नसतं. ते सगळ्या जगाकडे असलेल्या खातेवहीत असतं. संगणकातल्या 'वॉलेट डॉट डॅट' या फाइलमध्ये फक्त किल्ल्या असतात. सुरुवातीला त्या फाइलला कुलूपच नव्हतं, ज्याच्या हाती फाइल लागली त्याची नाणी. सप्टेंबर २०११ मध्ये बिटकॉइनच्या प्रोग्रामची ०.४ ही आवृत्ती आली आणि त्या फाइलला पहिल्यांदा परवलीचा शब्द लावता आला. मी महिनाभराने तो लावला. तसं केलं की प्रोग्राम आधी काढून ठेवलेल्या शंभर किल्ल्यांचा साठा टाकून देतो आणि नवा बनवतो. मग मी शहाणपणाने सगळी नाणी एका नव्या पत्त्यावर, म्हणजे नव्या साठ्यातल्या किल्लीने उघडणाऱ्या खात्यावर, वळवली, म्हणजे जुनी उघडी फाइल कोणाला मिळाली तरी काही बिघडणार नाही. फक्त नव्या फाइलची सीडी काढायची राहून गेली. सीडी जुलैची होती. २०१७ मध्ये भाव वाढल्यावर ती लावली तेव्हा समोर शिल्लक शून्य आली. खातेवहीत पाहिलं तर ऑक्टोबर २०११ मध्ये सगळी रक्कम एका पत्त्यावर गेलेली, आणि त्या पत्त्याची किल्ली माळ्यावरच्या डिस्कमध्ये.

मार्च २०१८ मध्ये एका मोठ्या कंपनीकडे डिस्क नेली. काउंटरवरच्या मुलाने ती पिशवीतून बाहेरही न काढता ४५,००० सांगितले, डिस्क उघडावी लागेल म्हणून, आणि अर्धे आगाऊ. मी विचार करते म्हणून परतले. ६ एप्रिलला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं, बँकांनी क्रिप्टोवाल्यांशी, म्हणजे बिटकॉइनसारखी चलनं हाताळणाऱ्यांशी, व्यवहार करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते ४ मार्च २०२० ला रद्द केलं, पण तोवर माझं लग्न झालं होतं, घर बदललं होतं. डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळलेली आईकडे माळ्यावरच राहिली. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सची डिस्क २०१३ मध्ये कचराडेपोत गेली, ती आजतागायत त्याच्या हाती लागलेली नाही. माझी निदान माळ्यावर होती. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ती खाली आली आणि एका ओळखीच्या सीए बाईंनी मला या जिन्याचा पत्ता दिला.

आता दुकान.

पहिल्या दिवशी मी डिस्क टेबलावर ठेवली, तशी तिथल्या मुलाने ती उचलून सरळ यूएसबीच्या केबलला लावायला घेतली. काका आतून ओरडले, "थांब! आधी बघायचं, मग वीज." हा एकच क्षण मला खटकला. मुलगा नवीन असेल, पण त्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक डिस्कमध्ये कोणाचं तरी काहीतरी अडकलेलं असतं. काका नसताना दुकानात जाऊ नका.

त्यानंतर मात्र मी जे पाहिलं ते मन लावून केलेलं काम होतं. त्यांनी डिस्क उलटी केली, चार स्क्रू काढले आणि हिरवा बोर्ड वेगळा करून भिंगाखाली धरला. मलाही वाकून बघायला लावलं. एका चौकोनी चिपवर मोहरीएवढा खड्डा होता, कडेला तपकिरी वलय. "ही मोटर फिरवणारी चिप, ही गेली." मग मल्टिमीटरची टोकं कनेक्टरजवळच्या एका बारीक काळ्या तुकड्याला लावली, मीटर सलग वाजत राहिला. "हा राखणदार. जास्तीचा दाब आला की हा स्वतः मरतो आणि बाकीच्यांना वाचवतो. मेला बिचारा, पण जरा उशिरा." मग तबकड्यांच्या डब्यावरून बोट फिरवत म्हणाले, "आतलं शाबूत असावं. पण या बोर्डावर मी वीज देणार नाही. याच नंबरचा दुसरा बोर्ड लागेल."

डिस्क उघडावी लागेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "उघडायची वेळ आली तर माझ्याकडे ठेवू नका. त्याला धूळ नसलेली खोली लागते, ती माझ्याकडे नाही." पंचेचाळीस हजारांचा आकडा ऐकून आलेल्या मला हे वाक्य फार मोलाचं वाटलं. जे जमत नाही ते जमत नाही म्हणणारा माणूस.

त्यांच्याकडे जुन्या बोर्डांचे तीन खोके आहेत, त्यांत आमचा नंबर निघाला नाही. मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून मागवला. सांगितले होते आठ दिवस, लागले सोळा. या सोळा दिवसांत मेसेजला उत्तर नाही, फोन तीनदा केला की एकदा उचलला जातो. इथे मी ठाम तक्रार नोंदवते. उशीर होऊ शकतो, पण ज्याची वस्तू तुमच्या कपाटात आहे त्याला एक ओळ कळवायला हवी.

बोर्ड आल्यावर त्यांनी मला बोलावून समोर बसवलं. नुसता बोर्ड बदलून भागत नाही. प्रत्येक डिस्कची स्वतःची मापं आठ पायांच्या एका छोट्या चिपमध्ये असतात, ती जुन्या बोर्डावरून काढून नव्यावर लावावी लागते. गरम हवेची गन, फ्लक्सचा तो राळेसारखा वास. काकांनी श्वास रोखला आणि चिमट्याने ती तुरीच्या डाळीएवढी चिप उचलली. माझी किल्ली जिच्यावाचून मिळणार नव्हती ती वस्तू त्या क्षणी हवेत होती. त्यांनी ती नव्या बोर्डावर टेकवली, आठही पाय भिंगातून मोजले, स्क्रू आवळले आणि वीज दिली. डिस्क फिरायला लागली तो आवाज मी तेरा वर्षांनी ऐकत होते. आधी घरघर, मग एकसारखी शीळ. काका कान लावून बसले होते. "टकटक नाही. वाचणारी डोकी बरी आहेत."

मग नक्कल. लिनक्सवर सेक्टरमागून सेक्टर, म्हणजे डिस्कचा एकेक बारीक तुकडा, मी नेलेल्या कोऱ्या डिस्कवर. मूळ डिस्कला फक्त वाचायचं, तिच्यावर काही लिहायचं नाही. साठ टक्क्यांपर्यंत चांगलं चाललं, मग एका जागी अडखळायला लागलं आणि साडेआठ वाजले. गल्लीतली शटरं खाली येत होती. माझ्या मनात काय चाललं होतं ते कबूल करते. फाइलला परवलीचा शब्द होता खरा, पण त्याच डिस्कवर कुलूप लावण्याआधीच्या फाइलचे अवशेष असणार होते, आणि ०.४ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत कुलूप लावल्यावरही उघड्या किल्ल्यांचे तुकडे फाइलमध्ये राहून जायचे, हे मला माहीत होतं. त्या किल्ल्यांवर आता काही नव्हतं, तरी हात सुटत नव्हता. ऑक्टोबर २००८ मध्ये नाकामोतोने नऊ पानांत जे मांडलं त्याचा गाभाच हा होता की मध्ये कोणावर विश्वास ठेवावा लागू नये. आणि मी बुधवार पेठेत एका अनोळखी माणसाच्या टेबलाकडे बघत उभी होते.

मी काही बोलले नव्हते. काकांनी काम थांबवलं. "उद्या इथूनच पुढे सुरू होईल, त्याने कुठवर वाचलं याची नोंद ठेवलेली असते." मग दोन्ही डिस्क माझ्यासमोर कपाटाच्या एका खणात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "या खणाची एवढीच आहे. उद्या अकराला या, ताई."

हे त्यांनी मला खास म्हणून केलं नाही. दुसऱ्या दिवशी एका डॉक्टरांची डिस्क आली, रुग्णांच्या तपासण्यांची. त्यांनाही दुसऱ्या खणाची किल्ली दिलेली मी पाहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नक्कल पूर्ण झाली. काही हजार सेक्टर वाचलेच गेले नाहीत आणि त्यात रायगडाच्या सहलीचे सगळे फोटो गेले, त्याचं मला आजही वाईट वाटतं. फाइल शोधायची वेळ आली तेव्हा काकांनी नेटची केबल काढून टेबलावर ठेवली, खुर्ची वळवली आणि पाठ करून बसले. "नाव तुम्हीच टाका, तुम्हीच कॉपी करा. उघडते का ते घरी बघा, इथे नको." यापूर्वी तिघं जण याच फाइलसाठी आले होते म्हणाले. त्यातल्या दोघांनी मधल्या काळात त्याच डिस्कवर पुन्हा विंडोज टाकलं होतं. तुमच्या घरी अशी डिस्क असेल तर तिच्यावर काहीही टाकू नका, चालते का बघायला म्हणून लावूही नका. टकटक आवाज येत असेल तर या दुकानातही नेऊ नका, काका परतच पाठवतील.

घरी नेट नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर फाइल लावली. परवलीचा शब्द म्हणजे माझ्या तेव्हाच्या बसचे थांबे होते, इंग्रजी अक्षरांत, सलग: डेक्कन, गरवारे, नळ स्टॉप, पौड फाटा, कर्वे पुतळा. क्रम पाठ होता, स्पेलिंग नव्हतं. 'फाटा'ला पी-एच की एफ, 'कर्वे'ला व्ही की डब्ल्यू, 'पौड'मध्ये यू की डब्ल्यू. कागदावर एकेक जोडी लिहून खोडत गेले. चौदाव्या वेळी उघडलं.

किती होते ते लिहिणार नाही. काकांनी विचारलं नाही, बिल दरपत्रकाप्रमाणे केलं: तपासणी ५००, बोर्ड २,१००, चिप बदलणं १,३००, नक्कल ३,५००. नाणी आता हार्डवेअर वॉलेटवर, म्हणजे किल्ल्या जपणाऱ्या छोट्या उपकरणावर, आहेत आणि बीजशब्दांचे, म्हणजे ज्यांवरून किल्ल्या परत मिळवता येतात त्या शब्दांचे, दोन कागद दोन घरांत. विकली तर नफ्यावर ३० टक्के कर. मायनिंगला लागलेली वीज आणि कार्ड खर्च म्हणून धरता येत नाही, त्यामुळे जवळजवळ सगळी रक्कमच नफा, असं सीए बाईंनी सांगितलं. तो मी भरणार आहे.

चौदा वर्षं ती रक्कम त्या पत्त्यावर होती. कोणी गोठवली नाही, कोणी मर्यादा घातली नाही, मावशीसारखं मला रांगेत उभं राहावं लागलं नाही. म्हणून तेव्हा मांडलेलं मी आजही मांडेन. पण फाइल हरवली तेव्हा अर्ज करायला खिडकीही नव्हती, आणि बाबांच्या प्रश्नाला माझ्याकडे इतकी वर्षं उत्तर नव्हतं, हेही तितकंच खरं. त्यांना मी सगळी हकीकत सांगितली. शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "डिस्क देताना पावती घेतली होतीस?"

घेतली होती, पण तिच्यावर नुसतं 'एक हार्ड डिस्क' लिहिलं होतं. सिरियल नंबर नव्हता, म्हणजे उद्या दुसरी डिस्क हातात दिली असती तर मी काय दाखवणार होते? पैसे द्यायला गेले तेव्हा काकांना हे सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, वहीच्या मागच्या पानावर टिपून घेतलं. परवा नवऱ्याची डिस्क घेऊन गेले होते. पावतीपुस्तक नवं छापलंय आणि त्यात सिरियल नंबरचा रकाना आहे. मुलाने तो भरला, मला वाचून दाखवला आणि मगच डिस्क खणात ठेवली.